ट्रेपोनिमाची लिपोप्रोटीनं: तालुक्याच्या प्रयोगशाळेत काय जमतं आणि काय जमत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चा सहा महिन्यांचा प्रकल्प आहे. विषय सिफिलिसच्या जिवाणूच्या (ट्रेपोनिमा पॅलिडम) पटलातली लिपोप्रोटीनं, म्हणजे मेद जोडलेली प्रथिनं. जिल्हा रुग्णालयातून नमुना आणायचा, प्लेटवर जिवाणू वाढवायचा, पटल सोडवून जेलवर पाहायचं आणि पृष्ठभागावर कोणती प्रथिनं आहेत ते सांगायचं, असा बेत आहे. हाताशी साधा मायक्रोसेंट्रिफ्यूज (थंड न होणारा), वॉटर बाथ, शेकर, जेलचा संच, फ्रीज आणि उणे वीसचा डीप फ्रीझर आहे. हे जमेल का, आणि प्रथिन कोणतं घ्यावं?

जिवाणू वाढवायचा बेत आधी सोडा. ट्रेपोनिमा पॅलिडम प्लेटवर वाढत नाही, कोणत्याही अगारवर नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत निकोल्स नावाचा जो स्ट्रेन (वाण) वापरतात तो १९१२ साली एका रुग्णाच्या मेंदूमणक्याच्या द्रवातून मिळाला आणि त्यानंतर सशाच्या वृषणात एकातून दुसऱ्यात टोचत जिवंत ठेवला गेला. प्राण्याबाहेर, काचेच्या भांड्यात तो दीर्घकाळ वाढवण्याची पद्धत २०१८ साली आली. तीसुद्धा रानसशाच्या पेशींच्या थरावर, ३४ अंशांना, फक्त दीड टक्का ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. इतकं करूनही जिवाणू दुप्पट व्हायला तीस तासांहून जास्त लागतात. हे वायू सांभाळणारं इनक्युबेटर नसेल तर हा रस्ता बंद समजा. सशाचा रस्ता प्राणी-नीतिसमितीच्या परवानगीचा आहे, आणि मिळालेल्या जिवाणूवर सशाचा अल्ब्युमिन इतका चिकटलेला असतो की जेलवर तोच आधी दिसतो.

म्हणून बेत उलटा करा. जिवाणू नको, त्याचं जीन घ्या. निकोल्स स्ट्रेनचा जीनोम १९९८ साली वाचून झाला, सुमारे ११.४ लाख बेसजोड्यांचा आहे आणि एनसीबीआय या जीनोमच्या ऑनलाइन संग्रहावर एई०००५२० या क्रमांकाखाली मोफत मिळतो. हवं ते जीन कृत्रिमरीत्या तयार करून घेता येतं, ते ई. कोलायमध्ये घालून प्रथिन बनवता येतं, आणि सिफिलिसचा जिवंत जिवाणू प्रयोगशाळेत येतच नाही. हे कमी प्रतीचं काम समजू नका. टीपी४७, टीपी१७, टीपी१५ ही लिपोप्रोटीनं आज बहुतेक रॅपिड किटच्या पट्टीवर असतात, आणि ती अशीच ई. कोलायमध्ये बनवलेली असतात.

पुढे जाण्याआधी एक गोंधळ दूर करू, कारण तोंडी परीक्षेत याच्यावर हमखास बोट ठेवलं जातं. व्हीडीआरएल आणि आरपीआर या सिफिलिसच्या रक्ततपासण्यांत जे अँटिजेन असतं ते कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचं मिश्रण. तो निव्वळ मेद आहे, लिपोप्रोटीन नाही, आणि जिवाणूचा खास असाही नाही. लिपोप्रोटीन म्हणजे प्रथिनच, फक्त त्याच्या टोकाच्या सिस्टीनला मेदाम्लं जोडलेली. ही मेदाम्लं पटलात रुततात आणि प्रथिन खुंटीला बांधलेल्या गुरासारखं तिथेच राहतं. टीपीएचए ही तपासणी आणि रॅपिड किट ट्रेपोनिमाच्या प्रथिनांवर चालतात, आरपीआर मेदावर. उपचारानंतर आरपीआरचं टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) उतरतं, प्रथिनांवरची तपासणी मात्र बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते.

आता पृष्ठभागाचा मुद्दा. या विषयातली सर्वांत मोठी चूक इथेच होते, आणि ती १९८०च्या दशकात नावाजलेल्या प्रयोगशाळांनीही केली होती. ट्रेपोनिमाला दोन पटलं असतात, बाहेरचं आणि आतलं. बाहेरच्या पटलात लिपोपॉलिसॅकराइड नाही, त्यामुळे ते ई. कोलायच्या पटलाच्या मानाने फार नाजूक असतं. जोरात सेंट्रिफ्यूज केलं, पेलेट पिपेटने जरा रगडला, डिटर्जंटचा थेंब पडला, की ते फाटतं. मग आतली लिपोप्रोटीनं उघडी पडतात, अँटिबॉडी त्यांना चिकटते आणि पाहणारा ‘पृष्ठभागावर सापडलं’ असं लिहून टाकतो. १९८९ साली गोठवून तोडलेल्या जिवाणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं आली तेव्हा कळलं की बाहेरच्या पटलात प्रथिनांचे कण फारच तुरळक आहेत, ई. कोलायच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतके. पुढे जिवाणू अगारोजच्या बारीक मण्यांत बसवून हलक्या हाताने तपासले, तेव्हाही बहुतेक लिपोप्रोटीनं आतच निघाली. टीपी४७ तर पेनिसिलिनला बांधणारं प्रथिन आहे. त्याचं काम पेशीभित्तीशी असतं, म्हणजे दोन पटलांच्या मधल्या जागेत. रुग्णाचं शरीर या प्रथिनांवर भरभरून अँटिबॉडी करतं, पण ती प्रथिनं माजघरात आहेत आणि अँटिबॉडी फाटकाबाहेर उभी. आजार वर्षानुवर्षं टिकतो त्याचं एक कारण हे आहे.

टीपी०४५३ हे बाहेरच्या पटलाला, पण आतल्या बाजूने चिकटलेलं आहे. टीपी०७५१ आणि टीपी०१३६ ही लिपोप्रोटीनं बाहेर डोकावतात आणि ऊतींना चिकटायला मदत करतात असे दावे आहेत, त्यांवर वाद चालू आहे. खरी बाहेरची प्रथिनं म्हणजे टीपी०३२६ आणि टीपीआर कुटुंबातली काही, पण ती लिपोप्रोटीनं नाहीत, पिंपाच्या आकाराची पटलप्रथिनं आहेत आणि ई. कोलायमध्ये नीट घडी पाडणं कठीण जातं. सहा महिन्यांच्या प्रकल्पात त्यांना हात लावू नका. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनावरून ते ट्रेपोनिमाच्या पृष्ठभागावर असतं की नाही हे सांगताच येत नाही. म्हणून तुमच्या शीर्षकातून ‘पृष्ठभाग’ हा शब्द काढा.

मग काय सांगता येतं? दोन गोष्टी. एक, अमुक प्रथिन खरोखर लिपोप्रोटीन म्हणून वागतं का. दोन, रुग्णांच्या सीरममधल्या अँटिबॉडी ते ओळखतात का. दोन्ही तुमच्या उपकरणांत जमण्यासारख्या आहेत.

प्रथिन टीपी१७ घ्या. जीनोममधला त्याचा क्रमांक टीपी_०४३५. जीन पाचशे बेसजोड्यांच्या आत आहे, त्यामुळे बनवून घ्यायला स्वस्त पडतं, आणि सीरममध्ये त्याच्यावर जोरदार अँटिबॉडी सापडतात. टीपी४७ (टीपी_०५७४) तेराशे बेसजोड्यांचं आहे. शिवाय जेलवर ते ई. कोलायच्या स्वतःच्या ४३ किलोडाल्टनच्या ईएफ-टीयू या भरपूर असलेल्या प्रथिनाच्या शेजारी येऊन बसतं. नवख्या नजरेला दोन पट्ट्या वेगळ्या दिसत नाहीत.

ऑर्डर देण्याआधी एक दिवस संगणकावर घालवा. प्रथिनाच्या सुरुवातीच्या अठरा ते पंचवीस अमिनो आम्लांत एक-दोन धनभारित, मग पाणी टाळणाऱ्यांचा पट्टा आणि शेवटी एक सिस्टीन असा क्रम शोधा. सिस्टीनच्या आधीचा हा भाग म्हणजे सिग्नल, तो पुढे कापला जातो. सिस्टीन आणि त्याच्या आधीच्या तीन जागा मिळून लिपोबॉक्स होतो. ई. कोलायमध्ये तो ल्युसीन, मग अ‍ॅलानीन किंवा सेरीन, मग ग्लायसीन किंवा अ‍ॅलानीन आणि शेवटी सिस्टीन असा ठरावीक असतो. स्पायरोकीट कुळात तो सैल आहे, म्हणून ई. कोलायच्या जातीच्या जिवाणूंवर शिकवलेला लिपोपी हा प्रोग्रॅम काही खरी लिपोप्रोटीनं सोडून देतो. स्पायरोकीटसाठी बनवलेला स्पलिप आणि नवा सिग्नलपी ६ असे दोन्हींचे निकाल शेजारी ठेवा. जिथे दोघांचं जमत नाही ते प्रथिन प्रकल्पाला घेऊ नका, पण तक्ता मात्र प्रबंधात द्या.

जीनचे तीन अवतार बनवून घ्या. पहिला पूर्ण, सिग्नलसकट. दुसरा सिग्नल आणि ते सिस्टीन दोन्ही कापून त्यापुढचा भाग. तिसरा पूर्णच, पण सिस्टीनच्या जागी सेरीन. तिन्ही पीईटी-२८ए या प्लास्मिडमध्ये, एनसीओ-१ आणि एक्सएचओ-१ या कापायच्या जागांमध्ये, शेवटचा थांबा-संकेत काढून, म्हणजे हिस्टिडीनची शेपटी मागच्या टोकाला लागेल. बरेच जण सवयीने एनडीई-१ वापरतात आणि शेपटी पुढे लागते. पूर्ण अवतारात ती सिग्नलच्या आधी येते, सिग्नल नीट ओळखला जात नाही, आणि ओळखला गेला तर शेपटी सिग्नलबरोबर कापली जाते. दोन्हीकडून नुकसान. एनसीओ-१ मुळे दुसरं अमिनो आम्ल बदलू शकतं, तेवढं कागदावर तपासून घ्या. पीईटी-२८ए घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे त्यात कॅनामायसिनचा प्रतिकार आहे. अँपिसिलिनच्या प्लास्मिडमुळे बीटा-लॅक्टमेज हे विकर बाहेर पडतं आणि माध्यमातलं अँपिसिलिन संपवतं. लाइट गेली, शेकर दोन तास थांबला, की प्लास्मिड नसलेल्या पेशी पुढे निघून जातात. लोडशेडिंगच्या गावात कॅनामायसिनच बरं.

वाढवणं सरळ आहे. बीएल२१(डीई३) या ई. कोलायच्या वाणात प्लास्मिड घाला, रात्रभराच्या कल्चरमधून अर्धा मिलिलिटर घेऊन ५० मिलिलिटर एलबी माध्यमात टाका, फ्लास्क २५० मिलिलिटरचा, कॅनामायसिन मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, ३७ अंश, १८० फेरे. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ झाली की एक मिलिलिटर बाजूला काढा (हा न चेतवलेला नमुना, तो विसरला की सगळं जेल वाया) आणि जीन चेतवणारं आयपीटीजी घाला. कापलेल्या अवताराला ०.५ मिलिमोलर आणि ३७ अंशांना तीन तास पुरे. पूर्ण अवताराला ०.१ मिलिमोलरच द्या आणि तापमान २५ ते ३० अंश ठेवा. जास्त चेतवलं की लिपोप्रोटीन पटलात कोंबलं जातं, पेशीची मेद जोडणारी आणि सिग्नल कापणारी विकरं पुरी पडत नाहीत, ओडी वाढायची थांबते आणि शेवटी हाती न कापलेला कच्चा माल येतो.

इथे विदर्भाचं ऊन आडवं येतं. साध्या शेकरला थंड करायची सोय नसते, तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात वणी किंवा चंद्रपूरकडे बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस आणि कुलर लावूनही खोलीत चौतीस-पस्तीस असताना २५ अंशांचा आकडा नुसता बटणावर दिसतो, फ्लास्कमध्ये नसतो. फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून बघा. पूर्ण अवताराचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. संगणकाचं काम, परवानग्या, जीनची ऑर्डर हे सगळं उन्हाळ्यात उरका.

आता प्रकल्पाचा गाभा, ट्रायटन एक्स-११४. हे डिटर्जंट थंडीत पाण्यात विरघळलेलं राहतं आणि सुमारे २२ अंशांच्या वर गेलं की गढूळ होऊन पाण्यापासून फुटतं. फुटताना मेद जोडलेली, पटलात रुतणारी प्रथिनं स्वतःबरोबर ओढून नेतं, विद्राव्य प्रथिनं पाण्यात राहतात. १९८१ साली आलेली ही पद्धत ट्रेपोनिमाच्या लिपोप्रोटीनांवर पुढे भरपूर वापरली गेली. महागडं काही लागत नाही. लागतं ते तापमानावरचं ध्यान.

बाटलीतलं ट्रायटन तसंच वापरू नका, त्यात पाण्यात मिसळून राहणारी अशुद्धी असते. दोन ग्रॅम ट्रायटन ९८ मिलिलिटर थंड बफरमध्ये (१० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १५० मिलिमोलर मीठ) फ्रीजमध्ये रात्रभर विरघळवा. मग ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवा. खाली जाड थर बसतो. वरचं पाणी टाकून द्या, तेवढाच थंड बफर घाला, पुन्हा तेच. असं तीनदा. शेवटी खालचा जो थर उरतो त्यात ट्रायटन साधारण ११ ते १२ टक्के असतं. तोच साठा.

सोनिकेटर नसेल तर १० मिलिलिटर कल्चरचा पेलेट ८०० मायक्रोलिटर थंड बफरमध्ये घ्या, लायसोझाइम मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, प्रथिनं तुटू न देणारं पीएमएसएफ एक मिलिमोलर, बर्फात अर्धा तास, मग डीप फ्रीझरमध्ये गोठवून बर्फात वितळवा, असं तीनदा. डीएनए सुटून शेंबडासारखा चिकटपणा येतो. तो २३ गेजच्या सुईतून सिरिंजने आठ-दहा वेळा ओढून मोडा. त्यात साठ्यातलं २०० मायक्रोलिटर ट्रायटन घाला, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होतं. चार अंशांना किमान एक तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम, मधूनमधून ट्यूब उलटीसुलटी करत.

पुढची पायरी म्हणजे न विरघळलेला गाळ थंडीत बसवणं, ११,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ११,००० पट) १५ मिनिटं. फेऱ्यांवरून जी काढायचं सूत्र: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग. सात सेंटिमीटरच्या रोटरला १२,००० फेऱ्यांवर सुमारे ११,२७० जी होतं. थंड न होणारा मायक्रोसेंट्रिफ्यूज इथे घात करतो. दहा मिनिटांत रोटर हाताला कोमट लागतो, म्हणजे आतली ट्यूब २२ अंशांच्या पुढे गेलेली असते. ट्रायटन तिथेच फुटतं, तुमचं लिपोप्रोटीन घेऊन गाळावर बसतं, आणि तुम्ही तो गाळ फेकून देता. मग वरच्या द्रवात काही सापडत नाही आणि वहीत ‘प्रथिन अविद्राव्य’ अशी नोंद होते. यावर उपाय असा: रोटर निघत असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी लवकर काम करा, पाच मिनिटं फिरवा, ट्यूबा बर्फात काढा, रोटर थंड कपड्याने पुसा, पुन्हा पाच मिनिटं. असं तीनदा. बर्फ नसेल तर गावातल्या लस्सीवाल्याकडचा किंवा बर्फाच्या कारखान्यातला चालतो, त्यात ट्यूब पालथी पडणार नाही एवढं बघा. थंड द्रव पारदर्शक दिसला पाहिजे. जरा जरी दुधाळ झाला असेल तर बर्फात ठेवून पुन्हा स्वच्छ होऊ द्या, गाळ टाकायची घाई करू नका.

स्वच्छ द्रव नव्या ट्यूबमध्ये घेऊन ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं. दुधासारखा पांढरा होतो. मग ५,००० फेऱ्या, म्हणजे त्याच रोटरला सुमारे १,९५० जी, दहा मिनिटं. वर पाणी, खाली तळाशी दीड-दोनशे मायक्रोलिटरचा तेलकट, किंचित पिवळसर थेंब. आणि गंमत पाहा, मे महिन्यात जी पायरी आपोआप होते तीच जानेवारीत फसते. नागपूरकडची पहाट दहा-बारा अंशांची, सेंट्रिफ्यूज तसाच गार, ट्यूब आत ठेवल्या ठेवल्या दूध पुन्हा पारदर्शक होतं आणि दोन थर पडतच नाहीत. त्यावेळी रोटर अर्धा तास ३७ अंशांत तापवून घ्या. म्हणजे एकाच दिवशी एकच रोटर आधी फ्रीजमध्ये आणि मग इनक्युबेटरमध्ये.

दोन्ही थर एकदा धुवा: पाण्याच्या थरात नवं ट्रायटन, ट्रायटनच्या थरात थंड बफर, पुन्हा थंड करून, तापवून, फिरवून. न धुता जेलवर गेलात तर प्रत्येक प्रथिन थोडं थोडं दोन्हीकडे दिसतं. ट्रायटनचा थर थेट जेलवर चढवू नका, पट्ट्या पसरतात. १०० मायक्रोलिटरला ९०० मायक्रोलिटर गार अ‍ॅसिटोन घालून उणे वीसला रात्रभर ठेवा, फिरवून पेलेट घ्या, झाकण उघडं ठेवून वाळवा, पण खडखडीत नको, नाहीतर तो विरघळत नाही. घरगुती डीप फ्रीझरच्या आत थर्मोस्टॅटची ठिणगी पडू शकते, म्हणून अ‍ॅसिटोनच्या ट्यूबा घट्ट बंद करून हवाबंद डब्यात ठेवा. जेल १५ टक्क्यांचं करा. प्रथिन मोजायला २८० नॅनोमीटर वापरू नका, ट्रायटनचं स्वतःचं शोषण तिथेच असतं. ब्रॅडफोर्ड ही रंगाने मोजायची पद्धतही ट्रायटनमध्ये फसवते. बीसीए ही दुसरी रंगपद्धत चालते. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही थरांतून मूळ कल्चरच्या सारख्या हिश्शाइतका माल चढवा.

लायसोझाइम वापरलं असेल तर १४ किलोडाल्टनला त्याची ठसठशीत पट्टी येणार. टीपी१५ निवडणाऱ्यांनी ती आपलं प्रथिन समजून आनंद मानल्याची शक्यता फार. नुसतं लायसोझाइम एका रांगेत चढवा आणि हिस्टिडीन-शेपटी ओळखणाऱ्या अँटिबॉडीने ब्लॉट करा (जेलवरची प्रथिनं कागदावर उतरवून तपासा).

आता निकाल कसा वाचायचा. कापलेला अवतार पाण्याच्या थरात यायला हवा, पूर्ण अवतार ट्रायटनमध्ये. इथवर सगळे पोचतात आणि लिहितात की मेद जोडला गेल्याचं सिद्ध झालं. तसं झालेलं नाही. सिग्नलचा पट्टा स्वतःच पाणी टाळणारा आहे. न कापलेलं, मेद न जोडलेलं कच्चं प्रथिनही ट्रायटनमध्येच जातं. तिसरा अवतार यासाठीच घेतला. सेरीनवाल्याला मेद जोडला जाऊ शकत नाही, सिग्नलही कापला जात नाही, आणि तो सहसा ट्रायटनच्या थरातच दिसेल. फरक आकारात आहे: कच्चं प्रथिन पक्क्यापेक्षा साधारण दोन किलोडाल्टनने मोठं. म्हणून तिन्ही अवतार एकाच जेलवर शेजारी चालवा, आणि पूर्ण अवताराची पट्टी सेरीनवाल्याच्या खाली आहे का ते पाहा. खाली असेल आणि ट्रायटनमध्ये असेल, तर पुरावा चांगला. पूर्ण अवताराच्या दोन पट्ट्या दिसल्या तर अर्धा माल कच्चा राहिलाय, आयपीटीजी आणखी कमी करा. ग्लोबोमायसिन हे प्रतिजैविक मिळालं तर सिग्नल कापणारं विकर बंद पडून पट्टी वर सरकते, तोही पुरावा, पण ते महाग आहे. किरणोत्सारी पामिटेटचा जुना प्रयोग परवान्याशिवाय करायचाच नाही.

हे पूर्ण लिपोप्रोटीन पांढऱ्या पेशींवर घालून दाह मोजायचा मोह होईल. ट्रेपोनिमाची लिपोप्रोटीनं पेशीवरच्या टीएलआर२ या ग्राहीमार्फत दाह घडवतात हे खरं आहे, पण ई. कोलायमधून काढलेल्या मालात त्याचं लिपोपॉलिसॅकराइड असतंच आणि ते टीएलआर४ मार्फत त्याहून जास्त गोंधळ घालतं. एंडोटॉक्सिन (म्हणजे हेच लिपोपॉलिसॅकराइड) मोजायची सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसरा भाग सीरमचा. यासाठी कापलेला अवतार निकेलच्या स्तंभावर शुद्ध करा: धुताना २० मिलिमोलर इमिडाझोल, सोडवताना २५०. बफरमध्ये ईडीटीए चुकूनही नको, निकेल निघून जातं. सीरम सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांचं सरकारी केंद्र) किंवा रक्तपेढीतलं उरलेलं, नाव-गाव काढलेलं, आणि नीतिसमितीची मंजुरी आधी. ई. कोलायमधल्या जीनच्या कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी लागते. कॉलेजात समिती नसेल तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या एखाद्या वैद्यकीय संस्थेतल्या मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प जोडून घ्या. मंजुरीचं काम पहिल्या आठवड्यात सुरू केलं नाही तर सहा महिन्यांतले तीन तिथेच जातात.

एलायझाची (रंगाने अँटिबॉडी मोजायची) प्लेट मिलिलिटरला एक ते दोन मायक्रोग्रॅम प्रथिनाने, पीएच ९.६ च्या कार्बोनेट बफरमध्ये, प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर. सीरम १:१००. पण त्याआधी सीरम ई. कोलायच्या (प्लास्मिड नसलेल्या) पेशींच्या अर्कात तासभर ठेवा. प्रत्येक माणसाच्या रक्तात ई. कोलायवर अँटिबॉडी असतातच, आणि तुमच्या शुद्ध प्रथिनातही ई. कोलायचा थोडा अंश राहतोच. ही पायरी गाळली तर सिफिलिस नसलेली निम्मी मंडळी पॉझिटिव्ह दिसतील. बफरमध्ये सोडियम अझाइड टाकायची सवय असेल तर इथे टाळा, रंग आणणारं एचआरपी हे विकर मरतं आणि रंगच येत नाही. उन्हाळ्यात प्लेटच्या कडेचे खळगे आधी सुकतात आणि गडद दिसतात. पोळ्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात तळाला ओला कापूस, त्यावर प्लेट, झाकण बंद, आणि डबा इनक्युबेटरमध्ये. कुलरच्या झोतात प्लेट ठेवू नका. कटऑफ किमान तीस निगेटिव्ह सीरमच्या सरासरीत तीन प्रमाण-विचलनं मिळवून काढा.

निगेटिव्ह कुणाचे घ्यायचे यावर विचार करा. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातून लेप्टोस्पायरोसिसचे काही सीरम मिळाले तर जरूर घ्या, तोही स्पायरोकीट आहे. आणि जंगलपट्ट्यातल्या वयस्क माणसाचं सीरम जोरदार पॉझिटिव्ह आलं म्हणून त्याला गरमी (सिफिलिस) झाली होती असं ठरवून मोकळं होऊ नका. यॉज हा त्वचेचा आजार याच जिवाणूच्या पर्टेन्यू या उपजातीमुळे होतो, तो लैंगिक संबंधातून नव्हे तर लहानपणी अंगाला अंग लागून पसरतो. दोन्ही उपजातींचे जीनोम ९९.८ टक्क्यांच्या वर सारखे आहेत. टीपी१७ असो की टीपी४७, अँटिबॉडीला फरक कळत नाही. यॉजचा आजार असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. देशात शेवटचा रुग्ण २००३ साली नोंदला गेला आणि २०१६ साली देश यॉजमुक्त जाहीर झाला. म्हणजे त्याआधी लहानपण गेलेली माणसं आज धडधाकट आहेत, आणि त्यांच्या अँटिबॉडीही. सीरमबरोबर वय आणि तालुका एवढं तरी नोंदवून घ्या.

शुद्ध केलेलं प्रथिन ५०-५० मायक्रोलिटरच्या ट्यूबांत वाटून, १० टक्के ग्लिसरॉल घालून ठेवा. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलेलं टाकायचं. फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणाऱ्या जातीचा असेल तर तो दिवसातून कधीतरी स्वतःच तापतो, त्यात ट्यूबा जाड थर्माकोलच्या डब्यात ठेवा. डब्यावर पाण्याने अर्धी भरलेली एक लहान बाटली आधी उभी गोठवून मग आडवी करून ठेवा. रात्री लाइट जाऊन आत सगळं वितळलं होतं का, हे सकाळी बाटलीतल्या बर्फाच्या आकारावरून कळतं.